ट्रेन सिम्युलेटरच्या फ्री मोडमध्ये नेमकं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की ओपन रेल्स हा फुकटचा ट्रेन सिम्युलेटर टाकला, त्यातला ‘एक्सप्लोर रूट’ म्हणजे फ्री मोड निवडला, गाडी समोर उभी आहे, पण ना स्टेशनांची यादी ना स्कोअर, मग यात करायचं काय, आणि हा मोड फक्त नवशिक्यांसाठी असतो का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तोच माझ्या डोक्यात जातो. नाही. वेळापत्रकाच्या गाड्या नवशिक्यांसाठी असतात. कुठे थांब, किती वेळ थांब, दारं कधी उघड, सगळं खेळच सांगतो. फ्री मोडमध्ये कोणी काही सांगत नाही आणि मग कळतं आपल्याला काय येतं.

माझा मेहुणा नेमकं उलटं म्हणतो. "भावोजी, स्कोअर नाही तर खेळ कसला? तुम्ही आपले नुसते फिरता." हे त्याने आमच्या मुलाच्या मुंजीच्या पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्यालासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. तो ट्रेन सिम वर्ल्ड या दुसऱ्या सिम्युलेटरवर वेळापत्रकाच्या गाड्या चालवतो आणि शेवटच्या स्क्रीनचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. सासूबाई त्यावर अंगठा दाखवतात. तो पुण्याचा, मी कळव्याचा. कळव्याला फास्ट थांबत नाही; आमच्या नाकासमोरून ठाण्याला निघून जाते. म्हणून आधी स्लोने ठाणे, मग पूल चढून-उतरून फास्ट. दिवसभर मिनिटामिनिटाचा हिशोब करून घरी आलेल्या माणसाने रात्री परत वेळापत्रक का पाळावं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मागे गणपतीत तो आमच्याकडे आला होता. पुन्हा तोच विषय निघाला. माझ्याकडे मारियास पास उघडलेला होता. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरमधला, अमेरिकेतल्या मोंटानाचा रूट, ओपन रेल्समध्ये मस्त चालतो. खिंडीच्या पश्चिमेला १.८ टक्के उतार आहे, म्हणजे साधारण ५५ला १ (५५ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली). माथ्यावर भरलेली मालगाडी उभी करून मी एफ२ दाबून सेव्ह करून ठेवली होती. म्हटलं, ही खाली उतरवून दाखव.

त्याने लोकल चालवल्यासारखी चालवली. वेग वाढला की ब्रेक, कमी झाला की सोडला, वाढला की परत ब्रेक. पहिल्यांदा छान वाटतं. पण अशा गाडीत ब्रेक सोडल्यावर प्रत्येक डब्याखालच्या टाकीत हवा परत भरावी लागते आणि लांब गाडीत त्याला वेळ लागतो. टाकी अर्धवट भरलेली असताना पुन्हा ब्रेक, मग आणखी कमी भरलेली असताना पुन्हा, असं करत शेवटी ब्रेकमध्ये दम राहत नाही आणि उतार मात्र तेवढाच राहतो. वेगाचा काटा मर्यादेच्या कुठल्या कुठे गेला, तेव्हा हा एमर्जन्सीचं बटण शोधत होता. "रूटच बकवास आहे," म्हणाला.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तेवढ्यात आरतीला आले. मध्य रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, आयुष्य इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात गेलं. तिथला चढ ३७ला १ आहे. वर येताना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि उतरताना गाडी हाताबाहेर गेलीच तर वळवायला कॅच सायडिंग आहेत. मी तीच सेव्ह केलेली गाडी उघडली आणि त्यांना खुर्ची दिली. त्यांचा पहिला प्रश्न: "बीपीसी कुठाय?" म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, गाडीचे ब्रेक ठीक असल्याचा दाखला, तो पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात गाडी हलवली नव्हती. मग लोड किती, डबे किती. कीबोर्डवर त्यांना बटणं सापडेनात, तर माझ्या मुलीने आईच्या पाकिटातल्या दोन टिकल्या आणल्या आणि ब्रेक लावायच्या बटणावर लाल, सोडायच्या बटणावर हिरवी चिकटवली.

काकांनी गाडी हलवलीच नाही. लाल टिकली जरा दाबली, प्रेशर पाहिलं. हिरवी जरा दाबली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, हा थोडा सुटत नाही. सुटला की सगळा सुटतोय." बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडच्या मालगाडीत ब्रेक जसा थोडा लावता येतो तसा थोडा सोडताही येतो. अमेरिकन मालगाडीत सोडला की पूर्ण सुटतो. मेहुण्याला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण त्याला कधी तिथे बसून बघायची गरजच पडली नाही. काका मात्र उभ्या गाडीत तेवढंच करत बसले. लाल, हिरवी, लाल, हिरवी, आणि प्रत्येक वेळी हवा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. मोदक गार झाला.

"काका, गाडी निघणार कधी?" मेहुण्याने विचारलं.

"टाइमटेबल आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"मग गप बस की."

मग त्यांनी गाडी उतरवली. इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक (हवेवर नाही, इंजिनाच्या मोटरींवर चालणारा) धरून ठेवला, गाडीचा ब्रेक एकदाच हलका लावला आणि मग त्याला हातच लावला नाही. वेग जो काय कमी-जास्त करायचा तो डायनॅमिकवर. बघायला अत्यंत कंटाळवाणं. सिग्नल दिसला की हात पुढे करून मोठ्याने रंग सांगायचे, आणि दुसऱ्या सिग्नलपासून माझी मुलगी असिस्टंटसारखी तोच रंग परत सांगायला लागली. खाली पोचल्यावर चहा मागितला. स्कोअर किती झाला हे त्यांनी विचारलं नाही.

तर तुम्ही करायचं हे. स्वतःला एक काम नेमून द्या आणि ते अवघड असू द्या. उताराच्या तोंडाशी गाडी उभी करून एफ२ने सेव्ह करा आणि तोच उतार वेगवेगळ्या लोडने उतरा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीतला फरक वाचून कळत नाही. उताराचा कंटाळा आला तर शंटिंग, म्हणजे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर नेऊन लावणं. पुढचा सांधा (जिथे रूळ फुटतो ती जागा) जीने बदला, मागचा शिफ्ट-जीने, सिग्नल लाल असेल तर टॅब दाबून परवानगी मागा. सांधा कुठे लागलाय ते एफ८ला दिसतं, पुढचा ट्रॅक एफ४ला. चार डबे एका सायडिंगमधून काढून दुसऱ्यात लावून बघा, निम्मी संध्याकाळ जाते. भारतीय पद्धतीचा ब्रेक हवा असेल तर सेटिंगमध्ये ‘ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स’वर टिक करा. हे आधी न केल्याबद्दल काकांनी मला झापलं होतं. मेहुण्याचा ट्रेन सिम वर्ल्ड तुमच्याकडे असेल तर २०२३च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यातही फ्री रोम आहे: पायी फिरायचं, हव्या त्या ट्रॅकवर हवी ती गाडी आणायची. म्हणजे ज्या मोडला तो नावं ठेवतो तो त्याच्याच खेळात आहे. त्याने तो कधी उघडलेला नाही.

आता दुसरी बाजू. एक्सप्लोरमध्ये दुसऱ्या गाड्या नसतात, त्यामुळे रूट ओसाड वाटतो आणि मागून येणाऱ्या गाडीचं दडपण काय असतं ते कळत नाही. वेळ सांभाळत बारा डब्यांची लोकल फलाटावर दर वेळी बरोबर जागी उभी करणं ही मोठी विद्या आहे, ती वेळापत्रकाच्या मोडमध्येच शिकता येते, मी नाकारत नाही. (१८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्या ठाण्यापर्यंत आली, वेळेचं महत्त्व पुण्याहून येऊन कोणी आम्हाला शिकवू नये, एवढंच म्हणणं आहे.) शिवाय असिस्टंट लोको पायलटच्या भरतीची तयारी म्हणून हे करत असाल तर नका करू, परीक्षेचा अभ्यास करा. रेल्वे तिच्या सिम्युलेटरवर तिच्या पद्धतीने शिकवते.

मेहुणा म्हणतो, काकांना जमलं कारण ते ड्रायव्हरच होते. मान्य. पण अमेरिकन ब्रेक त्यांनीही जन्मात पाहिला नव्हता. तो त्यांनी उभ्या गाडीत, आमच्या हॉलमध्ये बसून शिकून घेतला.

माथ्यावरची ती सेव्ह फाइल कोणाला हवी असेल तर खाली सांगा, पाठवतो. फक्त ओपन रेल्सची आवृत्ती माझीच हवी, दुसऱ्या आवृत्तीत सेव्ह उघडेलच असं नाही. आणि रूट आधी टाकलेला असू द्या, ओपन रेल्सबरोबर तो येत नाही.