बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरचे मैलाचे दगड, विहीर आणि वड जपायला सरकारी मदत मिळते का?

तुम्ही विचारलंय की तुमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर आहे, आज ना उद्या रस्ता रुंद होणार, आणि कडेचे मैलाचे दगड, बांधीव विहीर, वडाची रांग यात जाणार. अमेरिकेत रूट ६६ नावाच्या जुन्या रस्त्याचा वारसा जपायला सरकार पैसे देतं असं वाचलंत, तसं आपल्याकडे काही आहे का?

रस्त्याला म्हणून आपल्याकडे काही मिळत नाही. रस्त्यावरच्या एकेका वस्तूला मिळू शकतं, पण त्या वस्तूचा सरकारी कागदावर बाप कोण हे आधी ठरवावं लागतं. मी याच रस्त्यावरचा, हिंडलगा सोडल्यावर लागणाऱ्या गावांपैकी एकातला. आमच्या एका दगडामागे दोनेक वर्षं फिरलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी अमेरिकेचं, कारण तिथल्या मदतीबद्दल आपल्याकडे फार गोड समज आहे. रूट ६६ हा १९२६ मध्ये नंबर मिळालेला, शिकागोपासून सांता मोनिकापर्यंत ८ राज्यांतून जाणारा सुमारे ३,९०० किलोमीटरचा रस्ता. नवे रुंद महामार्ग झाले, गाड्या तिकडून जायला लागल्या आणि १९८५ मध्ये त्याचं नावच अधिकृत यादीतून काढलं. सरकारचा वारसा-कायदा आला १९९९ मध्ये, म्हणजे मधली १४ वर्षं रस्ता बेवारस. त्या काळात हातपाय कुणी हलवले? अ‍ॅरिझोनातल्या सेलिगमन या छोट्या गावातला न्हावी अँजेल डेलगाडिल्लो याने १९८७ मध्ये आजूबाजूच्या दुकानदारांना गोळा करून संघटना काढली आणि राज्य सरकारच्या मागे लागून आपल्या पट्ट्याला ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता घेतली. कारण साधं होतं, दुकानात गिऱ्हाईक येईना.

पुढे केंद्राच्या कायद्याने जे पैसे ठेवले ते १० वर्षांसाठी मिळून १ कोटी डॉलर, तेही एवढ्या लांबीच्या रस्त्याला. नॅशनल पार्क सर्व्हिस हे केंद्राचं खातं त्यातून जुनी मोटेलं, पेट्रोल पंप, निऑनच्या पाट्या यांना अनुदान द्यायची, आणि साधारण निम्मा खर्च मालकाने किंवा गावाने उचलायचा. मुदत वाढून हा कार्यक्रम २०१९ पर्यंत चालला. म्हणजे तिथंही सरकारने रस्ता सांभाळला असं नाही. लोकांनी धरून ठेवलेल्या वस्तूंना थोडा टेकू दिला, एवढंच.

आता आपल्याकडे. भारतात रस्त्याच्या खुणा वारसा म्हणून जपल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे उत्तरेतले कोस मिनार. मोगल काळात हमरस्त्यावर कोसाकोसावर उभारलेले हे बुरूज. त्यातले शंभराच्या आसपास आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. कुठं शेतात, कुठं झोपडपट्टीत, एखादा अगदी रेल्वे रुळांजवळ. म्हणजे रस्त्यावरचं अंतर दाखवणारी खूण ‘स्मारक’ होऊ शकते हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. हा मुद्दा अर्जात जरूर घाला, आम्ही घातला होता.

पण अडतं ते वयावर. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६१ चा कर्नाटकाचा कायदा, दोन्हींत वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. मैलाचा दगड त्यात बसण्याची शक्यता आहे, कारण वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावची छावणी जोडणारा हा रस्ता इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच चांगला बांधून काढला होता. आंबोली वसली तीही याच वाटेवरचा थांबा म्हणून. त्याआधी लोक रामघाट या जुन्या घाटवाटेने उतरायचे. आमच्या घरात पणजोबांच्या गाड्यांची गोष्ट अजून सांगतात, जाताना गूळ-मिरची, येताना मीठ, नारळ आणि सुकी मासळी, आणि मासळीच्या वासाने बैल आठवडाभर शिंकायचे म्हणे. खरं-खोटं बैलांना ठाऊक.

वयाच्या अटीमुळे काय सुटतं बघा. पलीकडचा आपला मोठा रस्ता, पुणे-बेंगळुरू. १९८१ मध्ये निपाणीजवळ तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली त्या महामार्गावर बसले. बायका-पोरं, बैलगाड्या, चुली सगळं रस्त्यावर, सुमारे तीन आठवडे. शेवटी गोळीबार झाला, माणसं मेली. माझ्या लेखी त्या रस्त्याच्या अख्ख्या इतिहासात याहून मोठी गोष्ट घडलेली नाही. पण पुरातत्त्वाच्या कायद्यात ती जागा बसत नाही, कारण तिथं दाखवायला १०० वर्षांची भिंत नाही. अमेरिकेत ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी ढोबळमानाने ५० वर्षांचा नियम आहे, म्हणूनच तिथं १९४०-५० च्या हॉटेलाची पाटीसुद्धा वारसा ठरते. आपल्याकडे तवंदी घाटाखालच्या एखाद्या जुन्या खानावळीला, जिथं तीन पिढ्यांच्या ट्रकवाल्यांनी जेवण केलं, तसा दर्जा देणारा कायदा मला तरी सापडलेला नाही. अशा गोष्टी आपणच लिहून, फोटो काढून, म्हाताऱ्यांना बोलतं करून ठेवायच्या.

आमच्या दगडाची गोष्ट सांगतो, त्यातून कामाची वाट कळेल. डांबरीकरणाच्या वेळी जेसीबीने दगड उपटला आणि नाल्याकडेला टाकला. पोरांनी ट्रॅक्टरने परत आणला. चहाच्या हॉटेलासमोर ठेवला, तर लोक त्यावर बसायला लागले. मग आम्ही अर्ज घेऊन निघालो. एका कार्यालयात सांगितलं, दगड रस्त्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, तिकडे जा. तिकडे सांगितलं, जुना आहे ना, मग पुरातत्त्वाकडे जा. असा आमचा टेनिसचा चेंडू झाला. शेवटी एका निवृत्त तलाठ्याने विचारलं, “दगड हाय कुणाचा गा? आधी जागेचा उतारा काढा की.” तिथून काम हललं.

कारण सगळं त्यावरच ठरतं. रुंदीकरणात नुकसानभरपाई मालकाला मिळते. घराला मिळते, बोअरला मिळते, नारळाच्या झाडाला मिळते. देवळाला पंच कमिटी असते, ती भांडून दुसरी जागा घेते. मैलाचा दगड, वाटसरूंची विहीर, वडाचा पार यांच्या नावाने सही करणारा कुणी नसतो, म्हणून ते पंचनाम्यात शून्य धरले जातात. तेव्हा सर्व्हे नंबर काढा, वस्तू रस्त्याच्या हद्दीत येते की गावठाणात की कुणाच्या शेतात हे मोजणीच्या नकाशावर बघा, आणि ग्रामसभेत ठराव करून ती पंचायतीच्या मालमत्तेत चढवून घ्या. आम्ही तेच केलं. मग वर्गणी काढून चौथरा बांधला.

इथं एक दुःखाची गोष्ट. चौथरा झाल्याच्या आनंदात कुणीतरी दगडाला पिवळा ऑइलपेंट मारला, कोरलेल्या अक्षरांसकट. हौसेने होणारं नुकसान जेसीबीपेक्षा कमी नसतं, हे त्या दिवशी शिकलो. विहिरीच्या बाबतीतही सांभाळा. जुनी विहीर चुन्यात बांधलेली असेल तर आतून सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. सिमेंट ओल कोंडून धरतं, दगड मागून फुगतो आणि थोड्या पावसाळ्यांत चिरे निखळतात. गाळ काढायला मात्र सरकारी पैसा मिळू शकतो, जुन्या पाणवठ्यांचं पुनरुज्जीवन रोजगार हमीच्या कामांत बसत आलंय. फक्त अर्जात ‘वारसा’ हा शब्द टाळा, ‘पाणी’ लिहा. पंचायतीत पाण्याची फाईल पळते, वारशाची झोपते.

झाडांना त्यामानाने बरं कवच आहे. कर्नाटकात झाडं जपण्याचा १९७६ चा कायदा आहे. ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याने लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस कधी लागते यावर डोळा ठेवा आणि हरकत लेखी द्या. तेलंगणात हैदराबादहून विजापूरकडे येणाऱ्या महामार्गावर चेवेल्ला भागात सुमारे ९०० वड आहेत. तिथले लोक राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, म्हणून रस्त्याच्या आखणीत झाडांचा विचार करणं भाग पडलं. दुसरी वाट जैवविविधता कायद्याची. देवनहळ्ळीजवळचं नल्लूरचं चिंचबन २००७ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं, देशातलं पहिलं, आणि तेही आपल्याच राज्यात. तुमच्या पंचायतीची जैवविविधता समिती कागदावर असेलच, तिच्या नोंदवहीत प्रत्येक वड घेराच्या मापासकट चढवायला लावा.

आणि हो, आपला रस्ता बाची ओलांडली की शिनोळीत महाराष्ट्रात शिरतो. पुढचे दगड त्यांच्या बांधकाम खात्याचे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून मान दिला, पण तो मुख्यतः शहरी भागासाठी, त्यामुळे चंदगड तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या वडाला त्याचा फारसा उपयोग नाही. एकाच रांगेतल्या झाडांना दोन राज्यांचे दोन कायदे, आणि पानं मात्र सारख्याच वाऱ्याने हलतात. सीमाभागात राहून याचं नवल वाटायचं आता बंद झालंय. दोन्हीकडच्या गावांनी मिळून एकच यादी करावी असं मला फार वाटतं. राजकारणावर आपण कट्ट्यावर भांडू, यादीत भांडायला काही नाही.

भाषेचं थोडं. अर्ज कन्नडमधून द्या, मागे मराठी प्रत जोडा. तत्त्वाचा प्रश्न वेगळा, पण टेबलावरचा माणूस वाचू शकला नाही तर फाईल हलत नाही. रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद होणार असेल तर १९५६ च्या कायद्याखाली भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची असते. तिचा गोषवारा दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणजे आपल्याकडे बहुधा कन्नड. आपण मराठी पेपर वाचत बसतो आणि मुदत निघून जाते. रुंदीकरणाचा आराखडा आधीच बघायचा असेल तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी. कर्नाटकातल्या खात्याला अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो.

केंद्राची ‘वारसा दत्तक’ योजना २०१७ पासून आहे, पण ती आधीच संरक्षित असलेल्या स्मारकांसाठी. बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ च्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या जागेचा तिथं विचार होऊ शकतो, आपल्या दगडाचा नाही. तिथं वेळ घालवू नका.

पुरावा गोळा करताना मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड जरूर बघा, १८८४ चा. त्यात त्या काळचे रस्ते आणि व्यापार यांवर मजकूर आहे, तुमच्या रस्त्याचा उल्लेख असलेल्या पानाची प्रत अर्जाला जोडली की समोरचा जरा नीट बसतो. आणि दगडाचे फोटो काढा ते सकाळी कोवळ्या तिरप्या उन्हात, दुपारी नको. तिरप्या उन्हात कोरीव अक्षराच्या कडेला सावली पडते, रंगाखालचंही वाचता येतं. रंग खरवडायला जाऊ नका. आमच्या दगडावरचा आकडा ७ आहे हे असंच एका सकाळी कळलं, तोवर सगळं गाव त्याला १ समजत होतं आणि बेळगाव एवढं जवळ कसं यावर वाद घालत होतं.