प्रोसेस मॅपवर सगळ्यांच्या सह्या आहेत, तरी बिलं का अडकतात?

खरेदी ते बिल पास होईपर्यंतचा मॅप तुम्ही बीपीएमएनमध्ये (कामाचे टप्पे ठरावीक खुणांनी दाखवायच्या पद्धतीत) काढलात, विभागप्रमुखांनी सह्या केल्या, तरी काम त्याप्रमाणे चालत नाही. चूक मॅपची की माणसांची, असं विचारलंय. माझ्या मते चूक माहिती कोणाकडून घेतली, त्यात आहे.

मॉडेलच्या, म्हणजे अशा मॅपच्याही, दर्जाच्या तीन कसोट्या लिंडलंड, सिंद्रे आणि सोल्व्हबर्ग या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडल्या: खुणा नियमाप्रमाणे आहेत का, मजकूर वस्तुस्थितीला धरून आहे का, वाचणाऱ्याला कळतो का. क्रोगस्टी यांनी पुढे सामाजिक कसोटीची भर घातली: संबंधितांचं आपसात एकमत आहे का? सॉफ्टवेअर फार तर पहिली तपासतं.

तुमच्या मॅपवरचा ‘माल प्राप्त’ हा एकच चौकोन घ्या. गेटच्या रजिस्टरमध्ये ३ तारीख, स्टोअरच्या जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) ५, क्वालिटीचा ओके ९ ला. तिघंही म्हणतात ‘माल मिळाला’, आणि तिघंही खरंच बोलतात. अकाउंट्स मात्र पैसे देण्याचे दिवस मोजतं ९ पासून. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या) पैसे देण्याची मुदत माल प्रत्यक्ष पोचल्यापासून धरतात: लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५. म्हणजे सहा दिवस आधीच गेलेले असतात.

आता स्टोअरकीपर. ट्रक खोळंबलेला, म्हणून तो पुरवठादाराने मालासोबत पाठवलेल्या चलनावरचाच आकडा जीआरएनमध्ये टाकतो आणि मोजणी नंतर करतो. आकडा चुकला तर त्याचं काही अडत नाही, बिल अकाउंट्सकडे अडकतं. नोंद भरणारा एक आणि भोगणारा दुसरा, तिथे माहिती बिघडतेच. प्रशिक्षणाने हे सुटत नाही.

म्हणून मीटिंगपासून सुरुवात करू नका. साहेबांसमोर कोणीही ‘माल आधी येतो, पीओ (खरेदीची ऑर्डर) मागून निघते’ असं कबूल करत नाही. पास झालेली वीसेक बिलं घ्या, त्यांत अडकून सुटलेली निम्मी तरी हवीत. प्रत्येकाचे कागद उलट क्रमाने लावा आणि छापील तारखेशेजारी सिस्टीममधली नोंदीची वेळ लिहा. पीओ जीआरएनच्या नंतरची निघाली, तर खरी वाट सापडली. मग नोंद करणाऱ्यालाच त्याच्या टेबलाशी गाठा, प्रमुख नसताना.

मॅपवर प्रत्येक नोंदीखाली लिहा: कोण भरतो, कशावरून, कधी, चुकल्यास कोणाचं अडतं. ‘माल प्राप्त’चे तीन चौकोन करा. वाद मिटला नसेल तिथे दोन्ही म्हणणी तशीच राहू द्या, लाल रंगात.