पहिल्या आठवड्यातलं '३० टक्के पंपिंग'

वडिलांना अटॅक येऊन चार दिवस झाले, स्टेंट टाकला, टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के आलं, आता किती वर्षं धरायची, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला, कारण २०१९ मध्ये आम्ही नेमके इथेच होतो. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल काही सांगणार नाही.

पंपिंग म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त हृदय एका ठोक्याला बाहेर ढकलतं ते. धडधाकट माणसाचंही ते १०० नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. शिवाय अटॅकनंतर बंद पडलेला सगळा स्नायू मेलेला नसतो. काही नुसता बधिर झालेला असतो, तो पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा हलायला लागतो. म्हणून तर पंपिंग कमी आहे म्हणून आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर आतून शॉक देणारं, छातीत बसवायचं यंत्र) बसवायचा का, हे अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंट टाकला असेल तर ३ महिने थांबून, पुन्हा एको करून ठरवतात.

आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर ३० भोवती निळ्या पेनाने गोल काढलेला, पुढच्या एकोची तारीख कुठेच नाही. गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बाबांना आम्ही सात महिने बसवून ठेवलं. जिना नको, बाजार नको. कठड्याला टेकून खालची भाजीवाली बघत बसायचे. ते सात महिने मला अजून छळतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी जुन्या एकोची सीडी मागितली. त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीवर तीन खेपा घातल्या, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, 'रिपोर्ट आहे ना, मग सीडी कशाला?' मिळाली नाहीच. तुम्ही एको आणि अँजिओग्राफी दोन्हीची सीडी घरी जायच्या दिवशीच मागा.

नव्या एकोत ४५ आले. मग कार्डियाक एमआरआय केला. त्यात गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्टचं औषध) दिल्यावर मेलेला भाग पांढरा दिसतो. बाबांचा व्रण, म्हणजे हा मेलेला भाग, हृदयाच्या भिंतीच्या निम्म्या जाडीच्याही आत होता. निम्म्याच्या वर गेला की तो भाग सुधारायची आशा कमी. माझ्या मते पुढचा अंदाज बांधायला पहिल्या आठवड्यातल्या टक्क्यांपेक्षा हा व्रण जास्त बोलतो. सगळ्यांना एमआरआय लागतोच असं नाही, खर्चही आहे. स्टेंटची सहसा अडचण येत नाही, पण स्टेंटचं कार्ड न्या, आधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) बघून घ्या आणि एमआरआयमध्ये लागतो तो श्वास धरायचा सराव घरीच करवून घ्या.

आणि किती चालायचं, जिना कधीपासून, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.