एका भोकातून किती केबल?
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न: घराच्या भिंती लाकडी चौकटीच्या आहेत, आत उष्णतारोधक लोकर भरायची आहे. पॅनेलपासून पाच केबल एकाच दिशेने निघतात. सुतार म्हणतो, एकच मोठं भोक पाडू आणि सगळ्या एकत्र टाय करून नेऊ. इंटरनेटवर वाचलं की एका भोकातून चार चालतात. आमचा वायरमन मात्र दोनच्या वर जायला तयार नाही. खरं कोणाचं?

उत्तर: इंटरनेट आणि वायरमन, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांचे तक्ते वेगळे आहेत. सुताराचं तेवढं ऐकू नका.

स्टडची, म्हणजे चौकटीतल्या उभ्या पट्टीची, जाडी साधारण 38 मिमी. एवढ्याशा अंतरात केबल एकमेकींना चिकटल्या तरी आतलं तांबं ती उष्णता दोन्ही बाजूंना वाहून नेतं. खरा त्रास पुढे असतो, तीन-चार मीटरभर टाय करून बांधलेल्या जुडग्यात. तिथे मधल्या केबलला उष्णता सोडायला जागाच उरत नाही, आणि भोवती लोकर असली की बाहेरच्या केबलही तिच्यासारख्याच अडकतात.

हिशेब करून बघा. पीव्हीसी इन्सुलेशनची अडीच चौरस मिमी तांब्याची केबल, लोकर भरलेल्या भिंतीत एकटी असेल तर आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या तक्त्यानुसार 30 अंश तापमानाला 19.5 अँपिअर वाहू शकते. एकत्र बांधल्यावर त्याला गुणक लागतो: दोन केबलना 0.80, तिघींना 0.70, चौघींना 0.65, पाचला 0.60. म्हणजे चारच्या जुडग्यात तीच केबल 12.7 अँपिअरची होते, आणि दोन असल्या तरी 15.6 ची. तिच्यावर 16 चा एमसीबी बसवला तर तो 15 अँपिअरला कधीच पडणार नाही. त्याला प्रवाह कळतो, भिंतीतली केबल किती तापली आहे ते कळत नाही. पीव्हीसीची मर्यादा 70 अंश. त्याच्या वर वर्षानुवर्षं राहिलं की इन्सुलेशन कडक होतं, मग वाकवाल तिथे तडकतं.

चार चौरस मिमीची केबल घेतली तर चारच्या जुडग्यात 26 गुणिले 0.65, म्हणजे 16.9. बसलं. पण भिंतीच्या आतलं तापमान 30 ऐवजी 40 अंश धरलं तर आणखी 0.87 ने गुणावं लागतं आणि उत्तर 14.7 येतं. पुन्हा नापास. दोनच केबल ठेवल्या तर 18.1, म्हणजे आरामात. तुमचा वायरमन बहुधा हाच हिशेब डोक्यात ठेवून बोलतोय.

‘चार चालतात’ हे अमेरिकन विद्युत संहितेवरून आलेलं आहे. तिथल्या घरगुती केबलचं आतलं इन्सुलेशन 90 अंशांचं असतं आणि कपात त्या वरच्या आकड्यापासून सुरू करायची मुभा आहे. 12 गेजच्या (गेज हे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तारेला 90 अंशांच्या रकान्यात 30 अँपिअर मिळतात. दोन तारांच्या चार केबल म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या आठ तारा (अर्थिंगची तार मोजत नाहीत). सात ते नऊ तारांना 70 टक्के, म्हणजे 21 अँपिअर, म्हणून 20 चा ब्रेकर चालतो. पाचवी केबल घातली की तारा दहा होतात, गुणक एकदम 50 टक्क्यांवर येतो आणि हाती 15 अँपिअर राहतात. ही कपातही केबल 600 मिमीपेक्षा जास्त लांबीत अंतर न ठेवता एकत्र गेल्या तरच. मात्र लाकडातल्या एकाच भोकातून दोनपेक्षा जास्त केबल नेऊन ते भोक फोमने किंवा सीलंटने बंद केलं, किंवा तेवढ्या केबल अंतर न ठेवता लोकरीला चिकटून बसवल्या, तर 600 मिमीची सवलत जाते. लोक नेमकं हेच विसरतात. केबल ओढणारा एक, फोम मारणारा दुसरा आणि हिशेब कोणाकडेच नाही!

तुमच्या पाच केबलचं असं करा. ज्या एकाच वेळी, तासन्‌तास पूर्ण भाराने चालतात (गीझर, ओव्हन, एसी) त्यांना प्रत्येकी स्वतंत्र भोक द्या. एलईडी दिव्यांची केबल भारी केबलसोबत गेली तरी चालते: जुडग्यातल्या तिच्या कमी केलेल्या क्षमतेच्या 30 टक्क्यांपर्यंतच प्रवाह असेल तर आयईसी तिला गटात मोजतच नाही. दोन केबलमधलं आडवं अंतर रुंदीच्या दुपटीहून जास्त राहिलं, म्हणजे साधारण 25 मिमी, तर गटाचा गुणक लागत नाही. यासाठी खाचा असलेल्या स्टँड-ऑफ क्लिप मिळतात. त्या टायपेक्षा कितीतरी बऱ्या. टाय वापरलाच तर इतका सैल ठेवा की जुडगा बोटांनी फिरवता यावा.

प्रश्न: भोक नेमकं कुठे आणि केवढं पाडायचं? बोर्ड ठोकताना स्क्रू केबलमध्ये जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: 89 मिमी रुंदीच्या स्टडच्या बरोबर मध्यावर 25 मिमीचं भोक पाडलं, तर दोन्ही बाजूंना 32 मिमी लाकूड उरतं. अमेरिकन संहितेला हेच किमान अंतर हवं असतं. साडेबारा मिमीच्या जिप्सम बोर्डातून गेलेला 41 मिमीचा स्क्रू लाकडात सुमारे 28 मिमी शिरतो, म्हणजे केबलच्या अलीकडेच थांबतो. मजबुतीच्या दृष्टीने भार वाहणाऱ्या स्टडला रुंदीच्या 40 टक्के, म्हणजे 35 मिमीपर्यंतचं भोक चालतं, पण मग कडेचं अंतर कमी पडतं. अशा ठिकाणी स्टडच्या तोंडावर 1.6 मिमी जाडीची पोलादी संरक्षक प्लेट ठोका. भिंतीवर कपाट किंवा टीव्ही टांगायचा असेल तिथे अंतर पुरेसं असलं तरी प्लेट लावाच. त्या कामाचे स्क्रू 60 मिमीच्या पुढचे असतात.

भोकांची रांग एका उंचीवर ठेवा. उंची खालीवर झाली की केबल प्रत्येक कडेला घासत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या स्टडनंतर हाताने ओढवत नाही. बॉक्सपासून केबल सरळ उभी किंवा सरळ आडवी न्या, तिरकी कधीच नाही. नंतर खिळा ठोकणाऱ्याला बॉक्स बघून वाट ओळखता आली पाहिजे. बॉक्सपासून 300 मिमीच्या आत पहिली क्लिप, पुढे फार तर 1.4 मीटरवर एक. चपटी केबल कडेवर उभी धरून स्टेपल मारू नका. केबलचं बाह्य आवरण बॉक्सच्या आत किमान 6 मिमी येऊ द्या आणि तारा 150 मिमी मोकळ्या सोडा.

प्रश्न: पत्र्याच्या स्टडमध्ये भोकं तयारच असतात. मग नुसत्या वायरी त्यातून ओवल्या तर?

उत्तर: नको. साध्या एकेरी इन्सुलेशनच्या वायरी कंड्युइटशिवाय (वायरिंगच्या पाईपशिवाय) भिंतीच्या पोकळीत सोडणं चूकच आहे, स्टड लाकडी असो वा पत्र्याचा. दुहेरी आवरणाची केबल घ्या किंवा पाईप टाका.

पत्र्याच्या भोकाची कड सुरीसारखी असते. प्रत्येक भोकात प्लास्टिकचं ग्रॉमेट (कड झाकणारी गोल कडी) केबल ओढण्याच्या आधी बसवा. नंतर बसवलेलं ग्रॉमेट आधीच पडलेला चरा झाकतं, एवढंच. चरा पडलेल्या केबलचा तेवढा तुकडा बदलायचा, टेप गुंडाळून बोर्ड बंद करायचा नाही.

यात एक छुपा धोका आहे. स्क्रू फेजच्या तारेत घुसून पत्र्याला टेकला आणि सांगाडा अर्थ केलेला नसला, तर सगळा सांगाडा जिवंत होतो आणि ब्रेकर पडत नाही. म्हणून सांगाडा अर्थला जोडून घ्या. मग पुरवठा बंद करून, डिमर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढून, 500 व्होल्ट डीसीच्या इन्सुलेशन टेस्टरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि सांगाड्याशी प्रत्येक तार तपासा. किमान 1 मेगाओम हवा. नव्या केबलला रीडिंग त्याच्या कितीतरी पट येतं, तेव्हा 2-3 मेगाओमवर समाधान मानू नका. ही चाचणी दोनदा करा, बोर्ड लावण्याआधी आणि लावून झाल्यावर. दुसऱ्या वेळी आकडा घसरला तर दोषी स्क्रू त्याच भिंतीत आहे, आणि रंगकाम व्हायचं असल्याने शोधणंही सोपं.

प्रश्न: पोकळीत थर्माकोलच्या शीट भरल्या तर केबलला चालेल का?

उत्तर: थेट टेकू देऊ नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला प्लास्टिसायझर थर्माकोलमध्ये झिरपतो. थर्माकोल आक्रसतं आणि केबलचं आवरण कडक होत जातं. कंड्युइटमधून न्या किंवा मध्ये अंतर ठेवा.

प्रश्न: इंटरनेटची केबल विजेच्याच भोकातून नेऊ का?

उत्तर: वेगळी रांग पाडा. निदान 50 मिमी अंतर ठेवा, लांब समांतर जाणार असतील तर 200 मिमी बरं. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. बॉक्सही वेगळा ठेवा.