मेंदूला करंट देऊन नीटचे मार्क वाढतील का?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, सरकारी नोकरीत आहे. मुलगी दोनदा नीटला बसली, दोन्ही वेळा एमबीबीएससाठी मार्क कमी पडले. आता तिसरी तयारी सुरू आहे. बारावीला गणितही होतं, त्यात मार्क चांगले आहेत. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणते. डोक्याला लावायचा एक पट्टा ऑनलाइन मिळतो, हलका करंट देऊन एकाग्रता वाढवतो अशी जाहिरात आहे. घ्यावा का? लहानपणी तापात तिला दोनदा झटके आले होते, नंतर काही नाही. ती पट्टा लावायला तयार नाही. उलट "कवटीतून आत करंट जातो तरी किती?" असं विचारत बसते, अशी यंत्रं बनवायला शिकायचंय म्हणते. मी म्हटलं, हे सोड, आधी फिजिक्स कर. हल्ली नीट जेवत नाही, बोलतही नाही. तिला समजावून सांगा.
– एक वडील

उत्तर :

भाऊ, पट्टा घेऊ नका. मागवला असेल तर परत पाठवा. परत घेत नसतील तर तेवढे पैसे गेले समजा, पण तो लेकीच्या डोक्याला लावू नका.

झटक्यांची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याआधी डॉक्टर जे पहिले प्रश्न विचारतात, त्यात 'कधी फिट आली होती का' हा असतोच. तापातले झटके बहुतेक मुलांना पुढे त्रास देत नाहीत, हे खरं. पण ते न्यूरॉलॉजिस्टनं तपासून सांगायचं. पट्टा विकणाऱ्याला तुमच्या मुलीबद्दल काहीच ठाऊक नाही.

या पट्ट्यामागचं तंत्र अस्तित्वात आहे, म्हणूनच जाहिरात पटते. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला लावून साधारण 1 ते 2 मिलिअँपिअर करंट सोडायचा, याला टीडीसीएस म्हणतात. नैराश्यासाठी, लकवा मारल्यानंतरच्या पुनर्वसनासाठी त्यावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. धडधाकट विद्यार्थ्याची एकाग्रता त्यानं वाढते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. एका प्रयोगात फायदा दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. 2016 साली तर याच विषयातल्या शास्त्रज्ञांनी घरच्या घरी असा करंट घेणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र प्रसिद्ध केलं. करंट इलेक्ट्रोडखालच्या जागेपुरता राहत नाही, एक क्षमता सुधारताना दुसरी बिघडू शकते, आणि प्रत्येकाच्या मेंदूवर परिणाम सारखा होत नाही, असं त्यांनी बजावलं. शिवाय स्पंज सुकला की कातडी भाजते, ते वेगळंच.

आता लेकीचा प्रश्न पुन्हा वाचा. कवटीतून आत करंट जातो किती? बराचसा करंट डोक्याच्या कातडीतूनच वळून निघून जातो, हाड त्याला अडवतं, आणि मेंदूपर्यंत पोचतो तो थोडाच भाग. तो थोडा भाग पेशींवर परिणाम करायला पुरतो का, यावर संशोधक आजही वाद घालतात. म्हणजे तुमच्या पोरीनं घरात बसून थेट मुद्द्यालाच हात घातला. आणि तुम्ही तिला सांगितलंत, हे सोड, आधी फिजिक्स कर. भाऊ, ती फिजिक्सच करत होती. रोध, विभवांतर, करंटच्या वाटा, सगळं त्या एका प्रश्नात आहे.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पत्राच्या शेवटानं. लक्ष लागत नाही, जेवत नाही, बोलत नाही. ज्या मैत्रिणींसोबत दहावी केली, त्या कॉलेजात पुढच्या वर्षाला गेल्या आणि ही त्याच पुस्तकांची तीच पानं तिसऱ्यांदा उलटतेय. एवढ्यात वडील म्हणतात, तुझ्या डोक्याला करंट लावू. बोलणं काळजीतून आलं असेल, पण तिच्या कानावर काय पडलं असेल? सीट मिळाली नाही म्हणजे माझ्या मेंदूतच खोट आहे, एवढंच. ही तीन लक्षणं एकत्र दिसतात तेव्हा मी अभ्यासाचं वेळापत्रक मागत नाही. तिला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हा विभाग आहे, नाही तर ओळखीच्या डॉक्टरांकडे जा. परीक्षेनंतर बघू, असं नको. आत गेल्यावर 'हिला अभ्यासाला लावा' असं सांगू नका. तुम्ही बाहेर बसा, तिला एकटीला बोलू द्या. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तो तिच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

पत्रभर तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, ती मला अनेक घरांत ऐकू येते : मेंदूचं काम करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं. हे साफ चूक आहे. डोक्याबाहेरून चुंबकीय क्षेत्रानं मेंदूला उत्तेजन देण्याची टीएमएस पद्धत 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवली. बार्कर मेडिकल फिजिक्स विभागात काम करणारे. नैराश्यावर त्या उपचाराला अमेरिकेत 2008 साली मान्यता मिळाली. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे हात थरथरणाऱ्या कंपवातात, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवतात, त्या डीबीएसची आजची पद्धत 1987 साली फ्रान्समध्ये ग्रनोबलला अलीम-लुई बेनाबिड यांनी सुरू केली. ते न्यूरोसर्जन, पण भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट मिळवलेले. त्या शस्त्रक्रियेत रुग्णाला पुष्कळदा जागं ठेवतात. तपासताना त्याला कागदावर गोल गोल चक्री काढायला सांगतात. आधी रेघ करवतीच्या दात्यांसारखी येते, करंट सुरू केला की तोच हात बऱ्यापैकी सफाईदार वळणं काढतो. इलेक्ट्रोड बसवतो सर्जन. पण तो कुठल्या धातूचा, सेकंदाला साधारण 130 वेळा जाणारा करंट किती ताकदीचा, छातीच्या कातडीखालची बॅटरी किती वर्षं टिकणार, पेशींचा आवाज गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, हे सगळं इंजिनिअर, भौतिकशास्त्रज्ञ आणि शरीरक्रियातज्ज्ञ मिळून ठरवतात.

मेंदूत बसवायची यंत्रं बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचा व्हिडिओ बघून ती बोलत असेल, तर त्यातला एक भाग तिला सांगा. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं, 64 बारीक धागे आणि त्यांवर 1024 इलेक्ट्रोड. काही आठवड्यांतच बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि सिग्नल घटला. मग संगणकातली सिग्नल वाचायची रीत बदलून काम पुन्हा सावरलं. अशा बिघाडावर डोकं चालवायला तिला आवडेल का, हे तिला विचारा. व्हिडिओतल्या झगमगाटापेक्षा त्या उत्तरावर माझा जास्त भरवसा असेल.

मार्ग थोडक्यात सांगते. बारावीला गणित होतं म्हणून एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन्स उघडे आहेत. जेईई अॅडव्हान्स्डची संधी आता गेली, तिचा शोक करू नका. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन नागपुरातच करता येईल, व्हीएनआयटी मिळालं तर उत्तमच. पुढे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन मुंबई आयआयटीत बायोमेडिकलचं एमटेक आहे, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत वैद्यकीय उपकरणांचं काम आहे, बंगळुरूला मेंदू आणि मनाच्या आजारांची निम्हान्स संस्था आहे. पदवीच्या शाखेचं नाव 'न्यूरो' असलंच पाहिजे असा हट्ट नको. सर्किट आणि सिग्नल पक्के असलेल्या मुलांना पुढे ही वाट मिळते, नुसत्या आकर्षक नावाच्या पदवीनं मिळत नाही.

भारतात या कामाच्या जागा अजून कमी आहेत. डीबीएसची यंत्रं बहुतेक परदेशी कंपन्यांची, खर्च लाखांत. पहिली नोकरी कदाचित रुग्णालयात डॉक्टरांसोबत यंत्र जुळवून देण्याची असेल, संशोधनाची नसेल. नातेवाईकांत सांगायला 'डॉक्टर' हा शब्दही मिळणार नाही. तो त्रास तुम्हाला होईल, तिला नाही, आणि तो तुम्ही सोसायचा आहे.

तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही, हे तिनं ठरवावं. माझं मत विचाराल तर नको. आतापर्यंत क्लासची फी भरली म्हणून आणखी एक वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

आता चार ओळी लेकीसाठी, त्या तिलाच वाचू द्या.

बेटा, आधी डॉक्टरांकडे जा आणि झोप पुरी कर, बाकीचं नंतर. जरा बरं वाटलं की फिजिओनेट या संकेतस्थळावर मेंदूलहरींच्या खऱ्या नोंदी फुकट मिळतात, त्या उतरवून घे. हात हलवायची नुसती कल्पना केली तेव्हाच्या नोंदीही त्यात आहेत. थोडं पायथन (संगणकाला सूचना द्यायची भाषा) शिक आणि त्या लहरी पडद्यावर काढून बघ. मायक्रोव्होल्टमधला सिग्नल, त्यावर पापणी हलल्याचे उंचवटे आणि घरच्या विजेचा गोंगाट, असं सगळं एकत्र दिसेल. त्यातून मेंदूचं तेवढं वेगळं काढायला गंमत वाटली, तर हे क्षेत्र तुझं आहे. कंटाळा आला तर तेही मोकळेपणानं सांग, दुसरं काही शोधू. स्वतःच्या डोक्यावर मात्र कसलाही करंट लावून बघायचा नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही.

भाऊ, पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत जोडायला सांगा, सीईटीचा फॉर्म भरण्याआधी मला तिचे गणित आणि भौतिकशास्त्राचे गुण बघायचे आहेत.