वडिलांच्या वर्कशॉपमध्ये नवीन पद्धत आणायचीय, पण जुने कामगार ऐकतच नाहीत. काय करू?

पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक भागात दर दुसऱ्या शेडमध्ये हेच चालू असतं हो. तुमच्याकडे 14 माणसं, वडिलांच्या काळचा फोरमन, तुम्ही हजेरीसाठी थंब मशीन बसवलं, कुणी कुठलं काम किती केलं ते लिहायला जॉब कार्ड छापून आणले आणि आठवड्याभरात थंब मशीनला कुणीतरी ग्रीस फासलं. मीही छोटं मशीनशॉप चालवतो म्हणून माझं मत सांगतो.

कामगारांना नवीन गोष्टीचं वावडं नसतं, हाताने चालवायचा लेथ सोडून कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन हीच माणसं शिकली ना. भीती पैशाची असते, आणि ती तोंडाने कुणी बोलत नाही, "साहेब ह्याने कामाला उशीर होतो" एवढंच म्हणतात.

थंब मशीन म्हटलं की दहा मिनिटं लेट झालं तर अर्धा दिवस कापणार हे डोक्यात येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उचल. पोरीची फी, गावाकडे कुणी आजारी, अशा वेळी मालकाला कोपऱ्यात गाठलं की वडील खिशातल्या डायरीत लिहून पैसे देतात, आणि आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं की हे बंद होणार असं त्यांना वाटतं. तर आधी जाहीर करून टाका की उचल आहे तशीच मिळणार, लेटला सवलत किती ते सांगा, आणि ओव्हरटाइमचा तास न तास ह्यात नोंदला जाणार हेही सांगा (कायद्याने तो दुप्पट दराने आहे, किती शेडमध्ये देतात ते सोडा). पहिल्याच महिन्यात ओव्हरटाइम बरोबर निघाला आणि पगार 7 तारखेच्या आत हातात पडला की अर्धी कुरकुर तिथेच थांबते.

जॉब कार्डवरचा रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेले पीस लिहायचा कॉलम मात्र नाजूक. पगारातून कापाल असा नुसता संशय आला तरी खराब पीस चिपच्या (मशीनवर निघालेल्या धातूच्या कातरणाच्या) ढिगात गायब होणार आणि तुमच्या कार्डवर रोज शून्य दिसणार. कापणार नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगा आणि मग खरंच कापू नका.

फोरमनशी एकट्याशी बोला, बाकीच्यांच्या आधी. कुठला जॉब कुठल्या मशीनवर लावायचा हे इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात होतं, त्यावरच त्यांचा मान होता, आणि तुम्ही ते कागदावर आणताय, मग ते कशाला साथ देतील? काका, कार्डवर काय हवं तुम्हीच सांगा म्हणा. चार कॉलम खोडतील, खोडू द्या. पहिला पीस त्यांनी चेक करून सही केल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही असं ठरवा, हे नावापुरतं नाही, रिजेक्शन त्यानेच खरं कमी होतं.

वडिलांशी घरी भांडा, शेडमध्ये नाही. तुम्ही नाही म्हटलेलं वडिलांकडून हो करून आणता येतं हे पोरांना एकदा कळलं की संपलं. उचल वडिलांकडे, मशीन लोडिंग (कुठल्या मशीनवर कुठला जॉब) तुमच्याकडे, असं काहीतरी वाटून घ्या.

व्हॉट्सअप ग्रुपवर पीडीएफ टाकली म्हणजे सांगून झालं असं होत नाही. निम्मी पोरं बिहार-यूपीची, निम्मी लातूर-बीडकडची असतील, तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कार्ड हातात घेऊन दहा मिनिटं हिंदी-मराठीत समजवा आणि दोघातिघांकडून तिथेच भरून घ्या. आणि हे महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत नको, दिवाळी-छठ करून माणसं गावाहून परत आली की मग सुरू करा.