जुन्या डिझेल पिकअपचा इंजिन फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन लावावा का?

तुमची 2007 ची डिझेल पिकअप, पट्ट्यावर फिरणारा लोखंडी फॅन, माल भरून घाट चढताना काटा लालकडे जातो आणि मिस्त्री म्हणतोय हा फॅन काढून टाका, इलेक्ट्रिक बसवू, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरचा, माझीही गाडी साधारण त्याच काळातली, आणि हा उद्योग मी स्वतःचे पैसे घालून करून बसलोय म्हणून लिहितो.

घाटात तापते ते कळलं, पण मोकळ्या सपाट रस्त्यावर 60-70 ने चालताना काटा कुठे असतो? तिथेही चढत असेल तर फॅनच्या मागे लागूच नका, त्या स्पीडला समोरून येणारी हवाच पुरते, फॅन असला काय नसला काय. तेव्हा दुखणं दुसरीकडे असतं, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलेला, वॉटर पंप गेलेला नाहीतर देव न करो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील. फॅनचं खरं काम गाडी हळू असताना, म्हणजे जाम, घाट, एसी लावून उभं राहणं.

आता माझं ऐका. बऱ्हाणपूरहून केळी भरून इंदूरला यायचं म्हणजे बडवाह सोडलं की भेरूघाटाची चढण, पुढे ट्रकांची रांग, दुसरा गिअर, आणि मे महिना. काटा चढायचा. एकाने सांगितलं इलेक्ट्रिक लाव, इंजिनावरचं ओझं कमी होईल, मी लावला, आणि खरं सांगतो गावात मजा आली, गाडी हलकी वाटायला लागली, तो घरघर आवाज गेला, मी चार जणांना सांगत सुटलो की तुम्ही पण लावा. मग पहिल्याच केळीच्या फेरीत घाटात काटा आधीपेक्षा वर, त्यात रात्र, हेडलाइट मंद झालेले, आणि फ्यूजची सॉकेट वितळून वास सुटला.

नंतर बसून हिशोब केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो फॅन 25 अँपिअर घेत होता, चालू गाडीत 13.5 व्होल्ट धरा, म्हणजे 340 वॅटच्या आसपास, अर्धा हॉर्सपॉवर सुद्धा नाही. पट्ट्यावरचा फॅन दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणलं की तितकाच जोरात फिरतो, ताकद थेट इंजिनातून घेतो, म्हणजे नेमकी जेव्हा गरज तेव्हा जास्त हवा. इलेक्ट्रिकला इंजिन किती ताणलंय याच्याशी देणंघेणं नाही, उलट जुना अल्टरनेटर (गाडीत वीज तयार करणारा) कमी पडून व्होल्टेज उतरलं की तो अजून हळू. नुसतं गावात फिरणाऱ्या रिकाम्या गाडीला चालेल तो, रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) आणि जाड वायर नीट टाकून. माल घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला मी तरी लावणार नाही.

पण खरी गंमत पुढे आहे भिया. दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि पहिलं वाक्य, "काउलिंग कुठंय?" रेडिएटर आणि फॅनच्या मधलं ते प्लास्टिकचं कव्हर कोणीतरी रेडिएटर बदलताना फेकून दिलेलं, मी गाडी जुनी घेतली तेव्हापासून नव्हतंच. ते नसलं की फॅन फक्त आपल्या गोलाएवढ्या भागातून हवा ओढतो आणि कडेने मागचीच गरम हवा पुन्हा घेतो, रेडिएटरचे कोपरे नुसते शोभेला. कव्हर बसवलं, पाती साधारण अर्धी आत अर्धी बाहेर, कडेला सगळीकडे इंचाच्या आत फट, आणि निम्मा आजार तिथेच गेला. तुमचं कव्हर आहे का ते आधी बघा, तुटलेलं असलं तरी बदला.

उरलेल्या निम्म्यासाठी व्हिस्कस कपलिंगवाला सात पातींचा फॅन टाकला. त्यात सिलिकॉन तेल असतं, पुढे बायमेटलची पट्टी, रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वाकून झडप उघडते, तेल आत जातं आणि फॅन जोर धरतो, थंड असताना जवळजवळ मोकळा राहतो म्हणजे डिझेलही फुकट जात नाही. भंगारातून घेणार असाल तर हाताने फिरवून बघा, पंख्यासारखा गरगर फिरत राहिला किंवा पुढे तेलाचे ओघळ दिसले तर तेल संपलंय, ठेवून द्या. फॅनचा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघा. आणि फॅन जड झाला की भार वॉटर पंपाच्या बेअरिंगवर, पंप हलवून थोडाही खेळ वाटला तर तो आधी बदला.

फॅन आणि रेडिएटरमध्ये जागा पुरते का हे मी कणकेचा गोळा रेडिएटरला चिकटवून बघितलं (बायको हसली), कारण ब्रेक मारला की इंजिन माउंटवर पुढे सरकतं आणि पात जाळी कापते.

मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणाला तर नाही म्हणा. काही इंजिनात तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं आणि गाडी जास्त तापते.

तोवर घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल आणि काचा खाली. मेमध्ये जीव जातो पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, मला दोनदा वर पोचवलंय त्याने. कव्हर आहे की नाही आणि सपाटीवर काटा कुठे असतो तेवढं बघून लिहा, मग पुढचं सांगतो.